अकरा घरची कॉफी

आर्डिस नॉरगार्डने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. मिनेसोटाच्या त्या सपाट, बीटाच्या शेतांच्या मुलखात कुठलं पोर कुठल्या फाट्यावर उभं असतं, कोणाला बसमध्ये मळमळतं आणि कोण घरून उपाशी निघतं, हे तिला तोंडपाठ होतं. निवृत्त झाल्यावर ती गुमान विणत बसेल असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. लोक असं काय काय धरून ठेवतात.

त्याच वर्षी शाळा मंडळाने तिच्या हेल्व्हिक गावातली प्राथमिक शाळा बंद करून मुलांना बेनस्टनला पाठवायचं ठरवत आणलं. शेवटचं मतदान जानेवारीत होतं. मंडळाच्या कागदावर प्रवास पंचेचाळीस मिनिटांचा होता. पहिल्या थांब्यापासून तो एक तास चाळीस मिनिटांचा होतो, पण कागदाने बर्फात बस कधी चालवली होती?

आर्डिसने मंडळाच्या निवडणुकीचा अर्ज भरला. समोर होता ड्वेन स्टॅव्हिग, विमा एजंट, बारा वर्षं बिनविरोध निवडून येणारा. माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. पण ड्वेन सगळ्यांना आवडायचा, अगदी आर्डिसलाही.

ती घरोघर जायला लागली. हेल्व्हिकमध्ये दारात आलेल्या माणसाला बूट काढायला लावतात, कॉफी देतात, वर केकची वडी देतात. मग बीटाच्या काढणीवर बोलणं, गुडघेदुखीवर बोलणं, थंडी लवकर येणार यावर एकमत. आठवड्यात अकरा घरं झाली.

तिची नणंद मार्लिस, शाळेच्या स्वयंपाकघराची प्रमुख, रविवारी चर्चबाहेर तिला गाठून म्हणाली, "मतं किती झाली?"

"सगळे फार छान बोलले."

"ते मरू दे. मत देणार का, असं विचारलंस?"

आर्डिस हातमोजे चढवायला लागली. "आपल्यात असं तोंडावर कोण विचारतं? समजतात की लोक."

"काय समजतात? इंगा मो काल मला म्हणाली, आर्डिस बिचारी फार एकटी पडलीय वाटतं, घरोघर कॉफी पीत हिंडते."

आर्डिसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय, ते तिने अकरा वेळा करून दाखवलं होतं.

"लाज वाटते गं, मार्लिस. स्वतःसाठी मागायचं म्हणजे."

"स्वतःसाठी? उणे तीसच्या थंडीत फाट्यावर तू उभी राहणार आहेस का?"

सोमवारी ती त्याच अकरा घरांकडे पुन्हा निघाली. या खेपेला बूट काढायचे नाहीत, एवढं तिने पक्कं केलं. बूट काढले की माणूस पाहुणा होतो, आणि पाहुण्याला काही मागता येत नाही.

पहिलं दार ओर्व्हिल क्वामचं. ऐंशीचा, अजून स्वतः ट्रॅक्टर चालवणारा.

"ये. कॉफी टाकतो."

"नको. पुढच्या महिन्यात मला मत देणार का?"

ओर्व्हिलने तिच्या डोक्यावरून आभाळाकडे पाहिलं. "वारा सुटलाय."

"सुटलाय. देणार का?"

"गारपिटीनंतर ड्वेनने आठवड्यात मला विम्याचे पैसे मिळवून दिले."

"चांगलाच माणूस आहे तो. पण शाळा बंद व्हावी असं त्याचं म्हणणं आहे, माझं नाही."

"तू पहिल्यापासून अशी होतीस का गं?"

"नाही. कालपासून."

"बघू, विचार करतो."

"ओर्व्हिल, मीही इथलीच आहे. 'विचार करतो' म्हणजे काय ते मला कळतं. हो का नाही?"

त्याने दाराची कडी चाचपली. "नाही," तो म्हणाला.

"बरं. आभारी आहे." ती वळली. नकार ऐकून माणूस मरत नाही, हे सदुसष्टाव्या वर्षी कळलं तरी उपयोगी पडतं. दुसऱ्या घरी हो मिळालं. तिसऱ्या घरी नवरा हो म्हणाला, बायको नाही. इंगा मो म्हणाली, "अगं, मग गेल्या आठवड्यात का नाही बोललीस?" अकरा संपल्यावर तिने आणखी दीडशे घरं घेतली.

नोव्हेंबरात ती एकोणीस मतांनी निवडून आली. ड्वेनने स्वतः फोन करून अभिनंदन केलं.

जानेवारीत मंडळाची सभा भरली. सात जण टेबलाभोवती. चार हात शाळा बंद करायच्या बाजूने वर जाणार, हे आर्डिसला ठाऊक होतं. मतदानाआधी तिने ठराव मांडला: प्रत्येक सदस्याने एकदा पहिल्या थांब्यापासून बेनस्टनपर्यंत बसमध्ये बसून जावं, मगच हात वर करावा.

"अनुमोदन?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

कोणी बोललं नाही. हेल्व्हिकची शांतता म्हणजे नाहीच. शिवाय ती कोणा एकाच्या नावावर लागत नाही. अनुमोदन नाही म्हणजे ठराव पडला; अध्यक्षबाई पान उलटायला लागल्या.

"थांबा," आर्डिस म्हणाली आणि त्या चारांतल्या एकाकडे, शेजारच्या व्हर्लिन ओसकडे, खुर्चीसकट वळली. "व्हर्लिन, तू अनुमोदन देतोस का?"

"मी?"

"तूच. हो का नाही?"

व्हर्लिनने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. "देतो," तो अखेर म्हणाला. "पण पहाटे माझ्या गायींची धार असते."

"बस सहा दहाला येते," आर्डिस म्हणाली. "चारला काढ."