केरबांना यशाची ओढ नव्हती

केरबा,

तुमच्या दहाव्याला मी आले नाही. गुडघा दुखतोय, असं तुमच्या लेकीला, उत्कर्षाला, फोनवर सांगितलं. खोटं होतं ते. गुडघा ठणठणीत आहे. तोंड दाखवायची लाज वाटली. तुमच्याविषयीच्या एका चुकीच्या वाक्याखाली मी वर्षानुवर्षं सही करत राहिले आणि तुम्ही ते खरं मानलंत.

आता हे तुम्हाला पोचायचं नाही. तेव्हा पुढचं सगळ्यांनाच सांगते.

केरबा म्हणजे कराडच्या आमच्या कॉलेजात मानसशास्त्र विभागाचे शिपाई. कोयनेपलीकडच्या गावातून सायकलवर यायचे. आमच्या प्रात्यक्षिकाला समोर एक माणूस बसवावा लागतो. पुस्तकात त्याला प्रयुक्त म्हणतात. तो मुलींनी आणायचा असतो. त्या हमखास विसरायच्या. मग "केरबामामा, बसा की!" केरबा हातातला झाडू ठेवून स्टुलावर बसायचे. तीस वर्षांत शेकडो वह्यांत प्रयुक्त एकच.

बसून बसून कान तयार झाले होते. एकदा मी भावनांचा एक सिद्धांत शिकवत होते, की शरीर आधी हलतं आणि भावना मागून येते. दारातून आवाज आला, "म्हंजे बाई, उसात बिबट्या दिसला तर मी आदी पळतो, आन भ्या मागनं वाटतं? मग पळायला सांगितलं कुनी?" वर्गात हशा फुटला.

तर तो रिंगांचा प्रयोग. खुंटीवर दहा रिंगा फेकायच्या. दर फेरीआधी विचारायचं, आता किती पडतील? माणूस आकडा किती चढवत नेतो, त्यावरून त्याची आकांक्षा मोजायची. केरबा म्हणायचे चार, आणि पडायच्या चार. पुन्हा चार. आलेख सरळ, आडवा. मुली खाली लिहायच्या, 'प्रयुक्ताला यशाची ओढ नाही.' मी लाल पेनाने 'छान' लिहायचे आणि सही ठोकायचे.

मग प्रयोगशाळा सहाय्यकाची जागा निघाली. केरबांनी बाहेरून बारावी केली होती, चाळिशीत. अर्ज भरून कपाटावर ठेवला होता. त्याच आठवड्यात क्रांती नावाच्या एका मुलीने गंमत म्हणून वही मोठ्याने वाचली, "मामा, ऐका तुमचं भविष्य!" केरबा हसले. अर्ज कपाटावरच राहिला.

मुदत संपल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "बाई, इतक्या वह्यांत त्येच हाय. खाली तुमची सही हाय. तुमी खोटं कशाला लिवाल?"

त्या माणसाने चाळिशीत बारावी केली, हे मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "तुमची मर्जी," आणि पेपर तपासायला बसले. जागा बाहेरच्या माणसाला मिळाली. केरबा शिपाई म्हणूनच निवृत्त झाले.

दोन वर्षांपूर्वी मंडईत भेटले. मी सरळ विचारलं, "अहो, तुम्ही दरवेळी चारच का हो?"

"आवं बाई, आकडा चढवला का पोरींचं गनित वाढतंय. त्यास्नी पाचची मसूर गावची येष्टी गाठायची असायची. चारला चार टाकलं का वही संपली."

"म्हणजे मुद्दाम?"

"रोज झाडून झालं का मी एकटाच फेकत बसायचो. धाच्या धा पडायच्या माज्या."

मी हातातली मेथीची जुडी पिशवीत कोंबली. केरबा पुढे म्हणाले, "तेवढं एका कागदावर लिवून द्या. सहीनं. उत्कर्षा म्हनती, बाबा, तुमाला कवा कशाची हौसच न्हवती. तिला दावतो."

पुढच्या आठवड्यात आणून देते म्हटलं. दोन ओळींचं काम. पण मी बाई शिकलेली! नेमके शास्त्रीय शब्द शोधत बसले. मग दिवाळी आली, मग डोळ्याचं ऑपरेशन. त्यांचे दोनदा फोन आले. दोन्ही वेळा इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाले, "घाई न्हाई, बाई."

मी तेही खरं मानलं. कागद लिहिलाच नाही.