दोन सारख्या तारा

आमच्यात सुतक पाळत नाहीत. वडिलांना, अप्पांना माती दिल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या बेंबळी गावातली चार माणसं मला चावडीत बोलवायला आली, तेव्हा पहिल्यांदाच वाटलं, सुतक असतं तर बरं झालं असतं. लपायला आडोसा मिळाला असता.

मी तेव्हा बंगळूरला एका प्रयोगशाळेत मायक्रोवेव्ह यंत्रांसाठी फिल्टर आखत असे. तांब्याच्या दोन पट्ट्या, आरशात पाहावं तशा एकमेकींसारख्या. संदेश त्यांच्यावरून उलटसुलट चालतो, एकीवर चढ तर दुसरीवर उतार. बाहेरचा गोंगाट मात्र दोघींवर एकाच वेळी, एकसारखा चढतो. एकीतून दुसरी वजा केली की गोंगाट पुसला जातो आणि संदेश उरतो. पट्ट्यांत केसाएवढा फरक पडला तरी गोंगाट आत शिरतो, म्हणून त्यांच्या सारखेपणापायी माझे महिनेच्या महिने जात. मागच्या सुट्टीत आमच्या दुकानात पुड्या बांधता बांधता अप्पांनी विचारलं होतं, "तू तिथं करतोस तरी काय?"

"आवाजातली खरखर काढतो," मी म्हणालो. एवढंच.

"तुझे अप्पा रोज सांगायचे," बोलवायला आलेल्यांतले शेजारचे म्हातारे शिंपी म्हणाले. ते अप्पांचे जन्माचे सोबती. "ही विजेची गिरणी आल्यापास्नं चावडीतला रेडिओ निस्ता खरखरतोय. तर म्हणायचे, माझं पोरगं येऊ द्या, समदी खरखर काढतंय का न्हाय बघा. निम्म्या गावाला ती थापच वाटायची."

ती थाप ठरू नये, एवढंच मला हवं होतं.

रेडिओच्या एरियलची तार चावडीच्या छपरावरून निघून गिरणीच्या भिंतीलगत खाली उतरत होती. तिथंच गिरणीच्या मोटरीची खरखर तिच्यात शिरत होती. मी तिच्या शेजारून दुसरी तार ओढली, थेट छपराच्या टोकापर्यंत. लांबी, जाडी, उंची, सगळं पहिलीसारखं. शिंप्यांकडच्या रिकाम्या रिळावर वेटोळं करून दोन्ही तारांची वजाबाकी होईल अशी जोडणी केली. संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला चावडी भरली. मी मुद्दाम मोटर चालू ठेवायला लावली आणि बटण फिरवलं.

खरखर गेली होती. बातम्याही गेल्या होत्या.

"साहेब," गिरणीवाला दारातून म्हणाला, "लई बारीक चाळण लावली वाटतं. कोंड्यासंगं पीठ बी आडकलं!"

चावडी हसली. चूक मला तेवढ्यातच दिसली. प्रयोगशाळेत पट्ट्यांवर उलटसुलट संदेश आम्हीच सोडत असू. इथं छपरावर दोन्ही तारांनी बातम्यासुद्धा एकसारख्याच पकडल्या होत्या आणि माझ्या वेटोळ्यानं त्याही पुसून टाकल्या. दुसऱ्या तारेनं छपरावर जायलाच नको होतं, गिरणीच्या भिंतीपुरतं थांबायला हवं होतं. सारखेपणाची सवय हाताला इतकी जडली होती की तो कशासाठी, हे विचारलंच नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या रे," शिंपी लोकांना म्हणाले. "बापाला लेकराचं कौतिक असतंयच."

"व्हय, भला माणूस हुता," कुणीतरी म्हणालं.

लोक हसले त्याचं इतकं लागलं नाही. ही समजूतदार माफी मला सोसेना. ती अप्पांना मिळत होती आणि ते उत्तर द्यायला नव्हते.

मी छपरावर चढलो, दुसरी तार गिरणीच्या भिंतीशी तोडली आणि खाली येऊन पुन्हा बटण फिरवलं. बातम्या लागल्या. आवाज बारीक होता, मागे खरखर होती, पण पुष्कळ कमी. तोवर निम्मे लोक जेवायला निघून गेले होते. शिंप्यांनी रेडिओला कान लावला.

"हाय की अजून थोडी."

"कमी झालीय पण. अप्पा खोटं बोलत नव्हते, काका. मीच चुकलो."

"व्हय, व्हय," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, रडणाऱ्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.

घरी आईनं ताट वाढलं.

"गेली का रे खरखर?"

"बरीचशी गेली."

तिनं भाकरी उचलली. मग म्हणाली, "ते तर समदी जाईल म्हणायचे," आणि भाकरी माझ्या ताटात ठेवली. मला मान वर करवेना.