विमानाला पैठणी

सत्तरचं दशक संपत आलं होतं, तेव्हा आमच्या घरातलं पहिलं माणूस विमानात बसलं. ते माणूस म्हणजे आई. दिल्लीला दिलेली माझी थोरली बहीण ठरल्या वेळेआधीच बाळंत झाली. रेल्वेचं आरक्षण मिळेना, म्हणून मेहुण्यांनी आईसाठी मुंबईहून विमानाचं तिकीट काढलं. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं कळलं आणि गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीला खऱ्या काळजीकडे वळता आलं : आई नेसणार काय?

या विषयातल्या सर्वांत मोठ्या तज्ज्ञ म्हणजे शेजारच्या काकू. त्यांचे दीर एकदा कुणाला तरी सोडायला सांताक्रूझच्या विमानतळावर गेले होते. एवढा दांडगा अनुभव कॉलनीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

"सुती पातळ नेसून गेलात तर उतरवून देतील," काकू म्हणाल्या.

"हवेत?" वडिलांनी विचारलं.

काकूंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही आणि पैठणी नक्की झाली. जोडीला नथ, अंबाडा, अंबाड्यावर गजरा. ऐन मे महिन्यात या थाटात आई मुंबईच्या एसटीत बसली, पैठणीला डाग लागू नये म्हणून मांडीवर जुनी चादर पसरून. मी तिला सोडायला निघाले होते. कसारा घाटात कंडक्टरने मला हळूच विचारलं, "लग्न कुठं आहे?"

"विमानात," मी म्हटलं. तो पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही.

पुढचं सगळं आईने सांगितलेलं. विमानात तिच्या शेजारी एक गोरा तरुण येऊन बसला. अंगात फाटकी बंडी, गुडघ्यावर भोकं पडलेली विजार, पायांत काहीच नाही. त्याला कुणी उतरवलं तर नाहीच, उलट हवाईसुंदरीने गोळ्यांचा ट्रे आईच्या आधी त्याच्यापुढे धरला. आईला खरं तर राग यायला हवा होता. तिला आली दया. जावयासाठी घेतलेला नवाकोरा टेरिकॉटचा शर्ट तिने पिशवीतून काढून त्याच्या हातात दिला.

"घाल बाबा," ती चक्क मराठीत म्हणाली. "तुझी आई बघेल तर रडेल."

त्याला काय समजलं कोण जाणे. त्याने हात जोडले आणि शर्ट तिथल्या तिथे चढवला. मग बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू दोघांनी मिळून खाल्ले. आईला दर घासाला नथ उचलावी लागत होती.

दिल्लीला मेहुणे घ्यायला आले होते. पैठणीतल्या सासूबाई पुढे आणि त्यांची पिशवी घेतलेला अनवाणी गोरा मागे.

"हा कोण?"

"शेजारी बसला होता. शर्ट तुमचाच आहे. पण तुमच्या अंगावर आहे ना एक?"

बहीण इतकी हसली की तिचे टाके दुखले. मेहुणे मात्र बारशापर्यंत आईशी कामापुरतंच बोलले.

आई परतली ती रेल्वेने, सुती पातळात. काकू वाटच बघत होत्या.

"मग? काय काय घालून आले होते लोक?"

"अगदी तुम्ही म्हणालात तस्संच," आई म्हणाली. तिला काकूंचं मन मोडवेना.

परिणाम एवढाच झाला की पुढे काकूंचे यजमान सातपूरच्या त्यांच्या कारखान्याच्या कामासाठी विमानाने मद्रासला गेले, ते लोकरीचा कोट घालून. तेही मे महिन्यातच.