तान्हीकाकींची झड

"मास्तर, आभाळ उंच गेलंय का बगा जरा." तान्हीकाकी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. राणीच्या राज्यात कळंबच्या शाळेवर माझी नेमणूक झाली, तेव्हा आगगाडीनं कर्जतला उतरून, चिखल तुडवत मी त्यांच्या घरी राहायला आलो होतो.

काकींना दमा होता. पावसाची झोड आत येऊ नये म्हणून परसाकडच्या पडवीला गवताची झड बांधलेली असे. तिच्याआड, चुलीच्या धुरात, त्या ज्येष्ठापासून धापा टाकत बसत. झड दसऱ्याला सोडायची असा गावाचा रिवाज. तेवढा धीर काकींना नसे. भाद्रपद निम्मा सरला की झडीला बोटानं भोक पाडून त्या परसात शरदाच्या खुणा शोधू लागत. भोपळ्याच्या वेलावर दव दिसलं, तेरडा वाळला, चतुर भिरभिरले, की नवऱ्याला हाक.

"अवो, परीट आलाय. शेपूट हालवतोय बगा. गेला पाऊस. सोडा ती झड."

परीट हा पाऊस सरताना येणारा पक्षी. तो खरंच आलेला असे, पाऊस मात्र गेलेला नसे. गोमाकाका मुकाट्यानं झड सोडत, हस्ताचा पाऊस पडवी भिजवून जाई आणि काका ती पुन्हा बांधत. दरवर्षी हेच. मला त्याचा कंटाळा येई. एकदा म्हणालो, "काका, नाही म्हणा की."

"तिला बी ठावं हाय, मास्तर. पन चार दिस वारा तरी मिळतो."

शेवटच्या वर्षी काकींना उठून बसवेना. उघाडीपर्यंत टिकल्या तर निभावल्या, असं वैद्य सांगून गेले. वारा घालून घालून आम्ही सगळेच थकलो होतो. काकी आभाळाचं विचारीनाशा झाल्या, याची मला फार भीती वाटली.

एका सकाळी काका आपणहून म्हणाले, "परीट आलाय गं. आभाळ बी उंच गेलंय." परसात एक कावळा होता आणि डोंगर ढगात बुडाला होता. काकांनी झड सोडून अंगणात ठेवली.

काकी बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अजून नाय गेला पाऊस. कशाला सोडलीत? परत बांधताना दमाल तुमी."

दुपारी त्या गेल्या. तिन्हीसांजेला पाऊस आला आणि पडवीत शिरला. झड अंगणात तशीच भिजत होती. ती बांधायला कोणी उठलं नाही.