पहिले दहा शब्द

शिकायला लाटवियात, रीगाला निघाले त्या दिवशी माझी बॅग मी भरली नाही, दादानं भरली. चिखलीच्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत तो फरशीवर मांडी घालून बसला होता. फर्स्ट शिफ्ट करून आलेला, अंगात अजून कंपनीचा निळा शर्ट. चाकणच्या एका कारखान्यात तो स्टोअरला होता. गाड्यांचे सुटे भाग, हजारो डबे, आणि प्रत्येक डब्याच्या जागेला नंबर. त्याच हिशेबानं त्यानं माझ्या बॅगेचे एकवीस भाग पाडले आणि वहीच्या कागदावर यादी केली. एक नंबरला पासपोर्टच्या झेरॉक्स, चारला लोकरीचे मोजे, अकराला वहिनीनं केलेलं मेतकूट. मग म्हणाला, "लेबल वाचत बसायचं न्हाई, बबे. लेबलं गळून पडतात, कुणी बी चुकीची लावतंय. जागा खोटं बोलत न्हाई. हात घातला की वस्तू घावली पायजे, अंधारात सुद्धा."

घरातसुद्धा त्यानं तेच केलं होतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर तीन फळ्या, फळ्यांवर खडूनं जागा आखलेल्या. एकला मीठ, दोनला हळद, नऊला चहा-साखर. चौदा नंबर माझा. तिथं माझं ताट उभं असायचं, काठावर माझं नाव घातलेलं. बारावी झाल्यावर जिंतूरहून मी दादाकडे आले त्या महिन्यात त्यानं ते नाव घालून आणलं होतं. मी आले की थेट आत जायचे, चौदावर हात घालायचे आणि आपल्या हातानं वाढून घ्यायचे. वहिनीनं कधी "घे" म्हटलं नाही आणि मी कधी "घेऊ का" विचारलं नाही. माहेर म्हणजे याहून वेगळं काय असतं?

आई आता नाही. जिंतूरच्या स्टँडवर मला गाडीत बसवताना ती दादाला म्हणाली होती, "दत्ता, हिला हाताखाली घे. पण तुझ्यासारखं राबायला लावू नको." दादानं शब्द पाळला. माझी कॉलेजची फी त्याच्या ओव्हरटाइममधून गेली. मुक्त विद्यापीठातून तो बी.ए. करत होता, त्याला मात्र सहा वर्षं लागली, कारण माझी परीक्षा असली की तो आपली सोडून द्यायचा.

हे मी दोन ठिकाणच्या माणसांसाठी लिहिते आहे. जिंतूरला जे मागे राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्याबरोबर रीगाला आलेल्या, अजून तिथंच असलेल्या तुमच्यासाठी. परत आल्यावर मी काय केलं ते तुम्हाला कुणालाच ठाऊक नाही. सगळ्यांना वाटतं, पोरीनं नाव काढलं.

रीगातले पहिले दिवस तुम्हाला आठवत असतील. बँकेतल्या बाईला इंग्रजी यायचं, पण बँकेच्या ॲपला येत नव्हतं. मी एक वही केली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे लाटवियन. अकाउंट, कोन्त्स. कार्ड, कार्ते. तिसरा शब्द दुकानात शिकले. दूध आणि पाव काउंटरवर ठेवले, कार्ड लावलं आणि मशिनवर आलं, नोरैदीत्स. डिक्लाइन्ड. मागे पाच-सहा माणसं उभी. मी दूध-पाव तिथंच ठेवून बाहेर आले. चौथा शब्द त्याच संध्याकाळी वहीत गेला. अत्लिकुम्स, बॅलन्स. त्यानंतर स्कैद्रा नौदा, म्हणजे रोकड, कारण बेकरीत भांडी घासायचे पैसे रोखीत मिळायचे. पराद्स म्हणजे कर्ज, हा शब्द घरमालकानं शिकवला. दोन वर्षांत एकशे चाळीस शब्द झाले. एकही पाठ करावा लागला नाही. प्रत्येकाच्या मागे एक दिवस होता, आणि त्यातले बरेचसे दिवस मान खाली घालायला लावणारे होते.

पुढे त्या शब्दांनीच मला वर काढलं. तिथल्या एका पेमेंट कंपनीनं हिंजवडीत ऑफिस उघडलं आणि लाटवियन येणारं माणूस म्हणून मला दुप्पट पगारावर परत आणलं. काम साधं होतं. लाटवियातले ग्राहक तक्रारी पाठवत, इथल्या मुलांनी त्यातला मुख्य शब्द ओळखायचा आणि तक्रार त्या इंग्रजी नावाच्या रांगेत टाकायची. मुलांना शिकवायचं काम माझं. माझ्या वहीतली यादी जशीच्या तशी टाइप झाली, एक ते एकशे चाळीस, आणि तिचं नाव ग्लॉसरी झालं. मी हिंजवडीजवळच माणला फ्लॅट घेतला, सातवा मजला. कंपनीची कॅब खाली येऊन उभी राहायची. चिखलीला जाणं महिन्यातून एकदावर आलं. ट्रॅफिक फार असतं, हे कारण सोयीचं होतं.

मग दादाच्या कारखान्यात डबे काढून देणारं यंत्र बसलं. बावीस वर्षं ज्याचा हात बरोबर डब्यावर पडायचा, त्याला शेहेचाळिसाव्या वर्षी हिशेब करून घरी पाठवलं. दोन महिने तो नुसता बसून होता. मग एक दिवस मला फोन करून म्हणाला, "तुमच्यात ग्रॅज्युएट माणूस चालतो म्हणं?" मी म्हटलं, भर फॉर्म. मला वाटलं, इंटरव्ह्यूलाच गळेल. गळला नाही. माझ्याच बॅचला आला, पहिल्या बाकावर, इस्त्रीच्या शर्टात, वीस-बावीस वर्षांच्या पोरांमध्ये.

पंधरा दिवसांचं शिक्षण आणि शेवटी परीक्षा. एकदाच देता येते, एकशे चाळीसपैकी शंभर आले तर नोकरी. मधल्या रविवारी मी चिखलीला गेले तेव्हा वहिनी पोळ्या लाटत त्याची उजळणी घेत होती. ती शब्द विचारत नव्हती, नंबर विचारत होती.

"त्रेसष्ट?"

"अत्मक्सा. रिफंड. परतावा."

"एकशे बारा?"

"गल्वोतायस. गॅरंटर. जामीन."

मराठीचा तिसरा कॉलम त्यानं आपल्या हातानं भरला होता. सगळे शब्द पाठ, एकही चूक नाही. पण त्यानं शब्द ओळखायला शिकले नव्हते, त्यांच्या जागा शिकल्या होत्या. कागदावर कितव्या ओळीत काय आहे ते त्याला डोळे मिटून सांगता यायचं. माझ्या लक्षात आलं आणि मी हसले. सांगायला हवं होतं, "दादा, ही काय तुझी रॅक नाही." सांगितलं नाही. आधीच्या बॅचना मी पेपर यादीच्या क्रमानंच दिला होता, त्यामुळे काळजीचं काही नव्हतं. आणि एक विचित्र गोष्ट तेव्हाच मनात आली होती. तो क्रम म्हणजे माझी रीगातली दोन वर्षं होती, एकामागून एक, आणि जगात तो क्रम एकट्या दादाला तोंडपाठ होता.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. दहाव्या दिवशी रीगाहून क्लायंटच्या दोन बायका व्हिडिओ कॉलवर आल्या. मॅनेजर माझ्या शेजारी. मी माझं ठेवणीतलं लाटवियन बोलत होते. एकदम दादा उठून उभा राहिला आणि यादीतले एक ते वीस शब्द धडाधडा म्हणून दाखवले. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "शी माय सिस्टर. आय टीच हर एबीसी." बायका हसल्या, पोरं हसली. दादाला चेव चढला. कॉल संपल्यावर चहाच्या सुट्टीत त्यानं पोरांना सांगितलं, जिंतूरहून येताना ही गाडीत कशी ओकली आणि त्यानं आपली टोपी कशी पुढं धरली. सांगता सांगता डबा उघडला, पोळीचा घास माझ्या तोंडापुढं धरला आणि म्हणाला, "खा की बबे, सकाळधरनं उपाशी शिकवायलीस." सगळ्यांसमोर मी तो घास खाल्ला. मॅनेजर जाता जाता हसून म्हणाला, "फॅमिली बिझनेस झालाय वाटतं."

पोरं प्रेमानं हसत होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण अंगाचा तिळपापड झाला. दुकानात नोरैदीत्स आलं तेव्हा पाठीमागे परकी माणसं तरी होती. इथं मी मॅडम होते आणि त्यानं मला एका घासात बबी करून टाकलं. हा माणूस उद्यापासून रोज इथं असणार, माझ्या मजल्यावर, माझ्या कॅन्टीनमध्ये, डबा उघडून. हा इथं नको. इतकं सरळ वाटलं मला, आडपडदा नाही.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी पेपर उघडला आणि शब्दांचा क्रम बदलला. बदलणं गैर नव्हतं, कुणीही म्हणेल की परीक्षा अशीच हवी. पण मी पहिले दहा शब्द होते तिथंच ठेवले. कोन्त्स, कार्ते, नोरैदीत्स, अत्लिकुम्स, दहापर्यंत सगळे जिथले तिथं. अकरापासून पुढे सगळं हलवलं. पहिल्या ओळीपासून हलवलं असतं तर तो थबकला असता, चष्मा पुसून एकेक शब्द वाचला असता. कदाचित शंभरापर्यंत पोचलाही असता. दहा ओळी बरोबर दिसल्या की तो पुढं बघणारच नाही, हे मला जितकं ठाऊक होतं तितकं दुसऱ्या कुणालाही नव्हतं.

तो अकरा मिनिटांत पेपर लिहून उठला. लाटवियन शब्द छापलेले, समोर इंग्रजी लिहायचं. पहिल्या काही ओळींनंतर त्यानं डावीकडे पाहिलंच नाही, वरून खाली लिहीत गेला, सुवाच्य अक्षरात. पेपर माझ्या हातात देताना एक डोळा मिचकावला. बाकीची पोरं तासभर डोकं खाजवत होती.

एकशे चाळीसपैकी बारा. पहिले दहा आणि योगायोगानं जुळलेले दोन. तपासलेले पेपर आम्ही परत द्यायचो, तसा त्याचाही दिला. त्यानं तो उभ्या उभ्या पाहिला. वर एकाखाली एक दहा बरोबरच्या खुणा आणि त्याखाली पानंच्या पानं फुल्या. बराच वेळ पाहत होता. मग गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "म्हातारा झालो गं." पेपराची बारीक घडी केली, शर्टाच्या खिशात घातली आणि बसस्टॉपकडे गेला. मी कॅबनं घरी आले. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी खरंच तेच वाटलं होतं, आणि रात्री झोपही चांगली लागली.

तीन महिने मी चिखलीला गेले नाही, मग भाऊबीज आली. तोवर वहिनीनं डबे सुरू केले होते, कारखान्यातल्या एकट्या राहणाऱ्या पोरांसाठी, आणि दादा ते सायकलवरून पोचवत होता. मी त्याच्यासाठी भारीतला शर्ट घेतला आणि वहिनीसाठी साडी. त्यानं पाटावर बसून ओवाळून घेतलं. तबकात दर वर्षी टाकायचा तेवढेच पैसे टाकले, कमी नाही आणि जास्तही नाही. परीक्षेचा विषय कुणी काढला नाही. मला वाटलं, विसरला. दादाच तो, त्याच्या मनात काही राहत नाही. मी इतकी खूश झाले की पदर खोचून सरळ आत गेले, दर वर्षीसारखी, आणि न बघता चौदावर हात घातला.

हाताला नरसाळं लागलं. त्याच्या मागे रिकाम्या बाटल्या. मी पंधरावर पाहिलं, तेरावर पाहिलं. तिथली एकही वस्तू तिच्या जुन्या जागी नव्हती. एकला मात्र मीठच होतं, दोनला हळद, नऊला चहा-साखर. पुढचं सगळं परकं. वहिनी शेगडीपुढं होती, तिनं वर बघितलं नाही. तिच्या पोळ्या लाटायचा आवाज तेवढा थांबला.

दादा दारात येऊन उभा राहिला. रागावलेला दिसत नव्हता. पेपर परत दिला होता तेव्हा जसा उभा होता तसाच होता.

"ताट शोधायलीस व्हय?" म्हणाला. "वर हाय, माळ्याला. पाव्हण्यांची ताटं तिथं असतात."

त्यानं स्टूल ओढलं, वर चढला, हात लांब करून ताट काढलं आणि शर्टाच्या बाहीनं पुसलं.

"पयल्या दहा जागा हायत तशाच ठेवल्यात, बबे," तो म्हणाला. "फुडच्या हलवल्या."

मग ताट माझ्या हातात दिलं, नाव वरच्या बाजूला करून. म्हणाला, "भाइर जाऊन बस. मी आणून वाढतो."

मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. त्यानं पोटभर वाढलं.