दिसत नसलेला बाप

माझ्या मावशीच्या नवऱ्याने नाटक कंपनीत वीस वर्षं काढली, आणि एकाही प्रेक्षकाने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. नाटक विनोदी. मेलेला बाप घरी परत येतो, कोणाला दिसत नाही, पण चहा मागतो. मावसा पडद्यामागे स्टुलावर बसून त्या बापाचा आवाज द्यायचा. आवाज म्हणजे काय, जुन्या कपाटाचं जड दार हळूहळू उघडत जावं तसा. गल्लीतले लोक त्याला 'मयत' म्हणत. "काय मयत, बाजाराला निघालात का?" तोही ऐटीत मान डोलवायचा.

नाटकातली एक जागा लोकांना तोंडपाठ होती, तरी ती ऐकायला ते पुन्हा येत. मुलगा चहा ओततो. आवाज येतो, "आणि साखर? ती काय तुझा बाप घालणार?" मग मावसा थांबायचा. विहिरीत दगड टाकून त्याचा आवाज येईस्तोवर थांबावं, तेवढाच. मग हळूच म्हणायचा, "अरे हो, मीच की तो." हशा छताला जाऊन लागायचा.

पुढे त्या नाटकाचा चित्रपट करायचं ठरलं. तेव्हाचे चित्रपट मुके. मधूनमधून वाक्य लिहिलेली पाटी पडद्यावर यायची. नाटकाला माणसं येईनाशी झाली होती. मालकाने सांगून टाकलं, कंपनी मोडतोय, चित्रपटात ज्याला घेतील तो तरला, बाकीच्यांनी आपापलं बघावं. मावशाला दुसरं काहीच येत नव्हतं.

दिग्दर्शक भला होता. म्हणाला, "काका, आवाजाचं इथे काम नाही. पण साखरेचं भांडं काळ्या दोऱ्याने वर उचलायचंय. ते तुम्ही सांभाळा. जमलं तर पुढेही दोऱ्याची कामं पुष्कळ आहेत."

मावसा खोट्या भिंतीमागे दोरा धरून बसला. कॅमेरा फिरू लागला. चहा ओतला गेला, आणि सवयीने त्याच्या तोंडून वाक्य गेलं. मुलाचं काम करणारा नटही त्याच सवयीने गर्रकन भिंतीकडे वळला.

"थांबवा," दिग्दर्शक म्हणाला. "अहो, तुमचा बाप भांड्यापाशी आहे, भिंतीत चिणलेला नाही. काका, तोंड मिटून."

तोंड मिटलं तर भांडं भलत्याच वेळी उडालं. पुढच्या खेपेला उडालंच नाही. त्याचा हात वाक्याबरोबर चालायचा. वाक्य गिळलं की हातही अडायचा. मनातल्या मनात म्हणून पाहिलं, तर पुटपुट बाहेर पडली आणि नट पुन्हा वळला.

मग दोरा सुताराच्या हातात गेला. सुताराने तो एकदाच ओढला.

चित्रपट लागला तेव्हा मावशीने हट्ट धरला. "पाटीवर तरी तुमचं वाक्य असेलच की." ती त्याला घेऊन गेली. भांडं अलगद उठलं, तरंगत कपाकडे निघालं, आणि लोक पोट धरून हसू लागले. पाटी नंतर आली. ती वाचायला कोणाचे डोळे धड राहिलेच नव्हते. मावशीही हसत होती. मग तिने बाजूला पाहिलं.

"भांडं जरा वाकडं उडालं, नाही का हो?" ती म्हणाली.

"नाही," मावसा म्हणाला. "बरोबर उडालं."

महिनाभराने तो एका गोदामावर राखणीला लागला. तिथे दिवसभर कोणी फिरकत नसे.