पत्र खाली ठेवायची पद्धत

"हातात द्यायचं नाही. खाली ठेव. मागं सरक, मग तो उचलेल."

नाटकाच्या तालमीत सर मला सांगत होते. इतिहासाचे सर. माणूस वाईट न्हवता, हे आधीच सांगतो, न्हायतर तुम्ही म्हणाल पोरगं डूख धरून बसलंय. माझ्या हातात काठी, खांद्यावर घोंगडं, पाय अनवाणी. समोर गादीवर फेटा बांधून रणजित. आमच्याच गावच्या इनामदारांचा नातू, माझ्याच वर्गातला. कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या पत्रांचं प्रदर्शन भरणार होतं, त्याच्या उद्घाटनाला हा देखावा. इनामदारांना पत्र आलंय आणि महार ते घेऊन आलाय.

"तशीच पद्धत होती ना," सर म्हणाले. "तुला घरून माहीत असेलच."

पोरं हसली. रणजितबी हसला. मी वाकून पत्र फरशीवर ठेवलं आणि मागं सरकलो.

ती पत्रं रणजितच्या घरची. त्याच्या वडलांनी ग्रंथालयाला दिलेली. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे, काचेचं कपाट, वर कुलूप. मोडी मी हौसेनं शिकलेलो, म्हणून सरांनी मला कपाटाच्या खोलीत बसून पत्रांच्या नकला करायला सांगितलेलं. दुपारी कॉलेज सुटलं की मी तिथं बसायचो. बसायचो आणि जळायचो. खोटं कशाला बोलू? रणजितच्या फटफटीवर मी कधी जळलो न्हाय, त्याच्या इस्त्रीच्या कपड्यांवर न्हाय. जळलो त्या कपाटावर. त्याच्या पणज्याचं पोट बिघडलं, त्याचं पत्र हाय. आंब्याची पाटी पोचली, पत्र हाय. म्हैस व्याली, पत्र हाय. आणि हा गडी कपाटापुढं उभा राहून जांभया द्यायचा. "काय काय लिहून ठेवलंय रे म्हाताऱ्यांनी," म्हणायचा. आमच्या घरात आज्जाच्या आधी कोण होतं, ते आज्जालाबी धड सांगता येत न्हवतं.

पत्रांच्या शेवटी एक ओळ सारखी यायची. 'पत्र महाराहाती धाडले आहे. जबाब त्याच्याच हाती द्यावा.' कोण महार? नाव न्हाय. घोड्याचं नाव हाय. मोती. त्याला मुरडा झाला, त्याला काय पाजलं, समदं हाय. मी त्या घोड्यावरबी जळलो. हसा पायजे तर.

तालीम झाल्यावर रविवारी मी शाहूवाडीकडच्या आमच्या गावाला गेलतो. आज्जा दारात वाखाची दोरी वळत बसलेला. त्याला इचारलं, इनामदाराची पत्रं कोण न्यायचं-आणायचं?

"मीच की. माझ्या आधी माझा बा. दुसरं कोन जानार?"

"पावसात?"

"पावसात तर लई जपायला लागायचं. मुंडासं सोडायचं, त्यात गुंडाळायचं, छातीशी धरायचं. मी भिजायचो. त्ये न्हाय भिजायचं."

"मग इनामदाराच्या वाड्यावर पोचल्यावर?"

"उंबऱ्याभाईर ठेवायचं. आतनं कोनतरी यायचं, पत्रावर पानी शिंपडायचं आन् उचलायचं."

वाख वळता वळताच सांगितलं त्यानं. नकला करताना कितीदा तरी मीच लिहिलेलं, 'येथे ओल लागून अक्षरे गेली आहेत.' कोसाकोसावरनं कोरडं आणलेलं पत्र ह्यांनी उंबऱ्यावर भिजवलं, का तर आज्जाचा हात लागलेला.

"नाव इचारायचे का रं तुझं?"

"नाव कशाला? ये म्हनलं की जायाचं."

उद्घाटनाला हॉल भरलेला. पहिल्या रांगेत रणजितचे वडील. मी आत गेलो. हातात पत्र, म्हणजे मीच केलेली नक्कल. रणजितपुढं उभा राहिलो आणि ते त्याच्यापुढं धरलं.

"खाली ठेव," पडद्याआडनं सर म्हणाले.

मी धरूनच उभा.

"ठेव की लेका खाली," रणजित दबक्या आवाजात म्हणाला.

"हातात घे. न्हायतर परत न्हेतो."

त्यानं आपल्या वडलांकडं बघितलं. वडलांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. रणजितचा हात मांडीवरनं हलला न्हाय. रोज माझ्या वह्या मागून घेणारा हात. नाटकात शिवायला त्याला जमलं न्हाय.

मी पत्राची घडी खिशात घातली, काठी तिथंच टाकली आणि बाहेर पडलो. चपला आत राहिल्या. कोल्हापूरच्या भर दुपारच्या रस्त्यानं वसतिगृहापर्यंत पाय भाजत गेलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी खोलीत बोलावलं. "तुझ्यावर विश्वास टाकला, त्याचं हे फळ. पत्रांना पुन्हा हात लावायचा नाही."

पत्रांची खोली मला बंद झाली. लई वाईट वाटलं, कबूल करतो. दुपारी त्या दारावरनं जाताना जीव तुटायचा. आणि जळणं? ते अजून हाय. ते कपाट डोळ्यापुढं आलं की आजबी पोटात आग पडते. पडू दे. ती मी विझवणार न्हाय.

त्या कपाटात आज्जाला जागा द्या म्हणून मी कुणाच्या दारात जाणार न्हाय. माझ्या आज्जाचं नाव धोंडी. त्याच्या बाचं नाव त्यानं आठवून आठवून सांगितलं, राणू. दोघांचं मी लिहितोय, माझ्या हातानं. हा कागद तुमच्यापुढं धरलाय. घ्यायचा तर हातात घ्या. खाली मी ठेवणार न्हाय.